वाळूवरचे गायरान

गोल्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम एक फाटक उभे राहते. फाटकावर पहारेकरी, आत कातरलेली हिरवळ आणि तिच्यावरून मंद पावलांनी चालणारी, काठ्यांची थैली दुसऱ्याच्या खांद्यावर दिलेली बडी मंडळी. आपल्याकडे हा खेळ साहेबाबरोबर आला आणि छावण्यांच्या व क्लबांच्या कुंपणातच वाढला. कलकत्त्याचा क्लब 1829 चा, मुंबईचा 1842 चा. ब्रिटिश बेटांबाहेर कलकत्त्याइतका जुना गोल्फ क्लब दुसरा नाही. तेव्हा जरीपटक्यातल्या किंवा इंदोऱ्यातल्या विद्यार्थ्याला हा खेळ म्हणजे श्रीमंतांचा फावल्या वेळचा उद्योग वाटला, तर त्याला दोष देता येत नाही. परंतु या खेळाच्या माहेरी, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, ही समजूत डळमळू लागते. तेथे गोल्फ वाढला तो कुंपणात नव्हे, गावच्या गायरानावर.

हे पाहायचे तर क्रेल या गावी जावे. एडिंबरोहून निघालेली आगगाडी 1890 साली बांधलेल्या फोर्थच्या प्रचंड लोखंडी पुलावरून खाडी ओलांडते आणि फाइफ नावाच्या द्वीपकल्पात शिरते. या फाइफविषयी स्कॉटलंडच्या एका जुन्या राजाच्या तोंडी एक उद्गार घातला जातो. त्याचा भावार्थ असा, की हा प्रांत म्हणजे भिकाऱ्याच्या घोंगडीला लावलेली सोन्याची किनार. आतली जमीन गरीब, पण काठावरची बंदरे व्यापाराने संपन्न, म्हणून ही उपमा. ज्या वस्तीच्या नावातच जरी आहे तिथल्या वाचकाला ती लगेच उमगावी! क्रेल हे त्या किनारीवरचे एक टोकाचे गाव. तेथली रेल्वे 1965 साली बंद झाली. आता ल्यूकर्स स्थानकावर उतरून सेंट अँड्र्यूज गाठायचे आणि तेथून बसने जायचे.

वस्ती दीड-दोन हजारांची. उतरत्या अरुंद गल्ल्या, लाल कौले आणि तळाशी दगडी धक्क्याच्या कुशीतले एवढेसे बंदर. खेकडे आणि शेवंड धरायचे पिंजरे धक्क्यावर रचून ठेवलेले असतात. आज लहान वाटणाऱ्या या गावाला रॉबर्ट ब्रूस राजाने 1310 साली सनद दिली आणि रविवारी बाजार भरविण्याचा हक्क दिला. रविवार हा प्रभूचा वार, त्या दिवशी सौदे कसले करता, म्हणून धर्मोपदेशक पुढे पुष्कळ दिवस चरफडत राहिले. जुन्या नगरगृहाच्या शिखरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा नाही, मासा आहे. येथल्या सुकवलेल्या हॅडॉक माशाला पूर्वी ‘क्रेलचा कोंबडा’ म्हणत. आपल्या बोंबलाला इंग्रजांनी ‘बॉम्बे डक’ म्हणजे बदक केलेच होते. त्यांच्या घरी सुकटीचा कोंबडा झालेला पाहून गंमत वाटते.

या गावात 1786 साली गोल्फ खेळणाऱ्यांची संस्था निघाली. जगातल्या अगदी जुन्या संस्थांत तिची गणना होते. ती काढणारे कोळी नव्हते, गावातले खाऊनपिऊन सुखी लोक होते, हे सांगितले पाहिजे. पण जमिनीची गोष्ट वेगळी आहे, आणि या लेखाचा विषय मुख्यतः जमीन हाच आहे.

या खेळाच्या जागेला तेथे ‘लिंक्स’ म्हणतात. समुद्र आणि नांगरटीची शेते यांच्यामधला वाळूचा, उंचसखल पट्टा म्हणजे लिंक्स. हिमयुग संपल्यावर बर्फाचे ओझे उतरले तशी येथली भूमी हळूहळू वर उचलली गेली, समुद्र मागे सरला आणि वाळू उघडी पडली. वाऱ्याने तिच्या टेकड्या रचल्या, त्यांवर चिवट, बारीक पात्यांचे गवत धरले. खारा वारा आणि वाळू, तेव्हा पीक येणे नाही. पाणीही ठरत नाही. अशा जमिनीवर मालकी सांगायला फारसे कोणी धावत नाही. मग तेथे गावची मेंढरे चरू लागली, सशांनी बिळे केली आणि माणसे काठीने चेंडू मारीत हिंडू लागली. मेंढरांनी गवत आखूड ठेवले. वाऱ्यापासून आडोसा म्हणून ती जेथे अंग घासून बसत तेथे खड्डे पडले, आणि आज जगभर खेळाडूंना छळणारे वाळूचे खड्डे त्यांतूनच आले असे मानतात. विदर्भातल्या वाचकाला आणखी सोपे करून सांगायचे तर लिंक्स म्हणजे समुद्रकाठची ई-क्लासची जमीन.

खेळ इतका वाढला की 1457 साली राजाला तो कायद्याने बंद करावासा वाटला. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून गोल्फ आणि फुटबॉल खेळतात, ही त्याची तक्रार. त्या कायद्याचे काय झाले ते दिसतेच आहे.

क्रेलपासून पंधरा-सोळा किलोमीटरवरचे सेंट अँड्र्यूज ही या खेळाची काशी. तेथील जुन्या मैदानावर 1764 साली बावीस भोकांची अठरा झाली आणि तोच आकडा पुढे जगाने उचलला. पण नवख्या माणसाचे डोळे वेगळ्याच गोष्टीने विस्फारतात. या जगप्रसिद्ध मैदानाच्या पहिल्या आणि शेवटच्या पट्ट्यातून चक्क एक सार्वजनिक रस्ता आडवा जातो, आणि समुद्रावर निघालेले लोक पोरेबाळे, कुत्री घेऊन त्यावरून जातात. रविवारी, मोठ्या स्पर्धांचे दिवस सोडले तर, तेथे गोल्फ बंद असतो आणि गाव त्या हिरवळीवर फिरायला येते. पूर्वी बायका मैदानातल्या ओहोळात कपडे धूत आणि तेथेच वाळत घालीत.

हा हक्क आपोआप टिकला नाही. सेंट अँड्र्यूजच्या आर्चबिशपने 1552 साली लिंक्सवर ससे पाळण्याची मोकळीक घेताना नागरिकांचा तेथे खेळण्याचा हक्क लेखी मान्य केला होता. पुढे 1797 साली कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने ही जमीन हातची घालवली आणि ती सशांचा व्यापार करणाऱ्यांच्या ताब्यात गेली. बिळांनी मैदान पोखरले. खेळणारे आणि ससेवाले यांच्यात हाणामाऱ्या झाल्या, खटले झाले, प्रकरण लंडनच्या लॉर्ड्स सभेपर्यंत पोचले. वीसेक वर्षांच्या या भांडणानंतर 1821 साली जेम्स चीप या शेजारच्या जमीनदाराने जमीन विकत घेऊन मैदान वाचवले. 1894 च्या कायद्याने ती पुन्हा नगराची झाली. 1974 पासून एक सार्वजनिक विश्वस्त मंडळ तेथला कारभार पाहते. पाहुण्याला मोठे शुल्क पडते, रहिवाशाला मात्र वर्षाचा स्वस्त पास मिळतो.

शेजारची भारदस्त दगडी इमारत ज्या ‘रॉयल अँड एन्शंट’ क्लबाची आहे, तो क्लब मैदानाचा मालक नाही. त्याने स्त्रियांना सभासदत्व दिले ते थेट 2014 साली. गावातल्या स्त्रिया मात्र त्याची वाट पाहत बसल्या नव्हत्या. त्यांनी 1867 मध्येच आपला वेगळा क्लब काढला. बाईमाणसाने खांद्याच्या वर हात नेऊन फटका मारणे तेव्हा अशोभनीय समजत, म्हणून त्यांना चेंडू हळूच ढकलण्यापुरती एक उंचवट्यांची हिरवळ मिळाली. तिचे नाव ‘हिमालय’! ती आजही आहे, आणि थोड्या पैशात कोणालाही तेथे खेळता येते.

हिमालयावरून आठवले, या वाळूत आपल्या देशाचे आणखी दोन दुवे आहेत. पूर्वी गोल्फचा चेंडू कातड्यात टोपीभर पिसे ठासून करीत. तो महाग पडे आणि ओला झाला की फाटे. 1848 च्या सुमारास मलायातल्या झाडांच्या चिकापासून, गटापर्चापासून, केलेला स्वस्त चेंडू आला आणि सामान्य माणसाला खेळ परवडू लागला. हा चीक सेंट अँड्र्यूजला कसा पोचला याची एक कथा सांगतात: पूर्वेकडून आलेली विष्णूची मूर्ती फुटू नये म्हणून तिच्याभोवती तो भरला होता, आणि एका हुशार विद्यार्थ्याने त्याचा चेंडू वळून पाहिला. इतिहास म्हणून नव्हे, कथा म्हणूनच ती घ्यावी. दुसरा दुवा मात्र पक्का आहे. याच गावचा अँड्र्यू बेल मद्रासच्या अनाथाश्रमात शिक्षक होता. तेथे त्याने मुलांना वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना पाहिले, आपली धूळपाटीच म्हणा ना, आणि मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावे ही पद्धत बसवली. त्याच्या देणगीतून 1833 साली सेंट अँड्र्यूजमध्ये उघडलेल्या शाळेचे नाव ‘मद्रास कॉलेज’ असेच आहे.

सगळे चित्र गोडच आहे असे कोणी समजू नये. अ‍ॅबरडीनच्या उत्तरेस बाल्मेडी गावाजवळ अमेरिकेतील धनाढ्य व पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले डोनाल्ड ट्रम्प यांनी 2012 साली गोल्फ मैदान उघडले. ते ज्या सरकत्या वाळूच्या टेकड्यांवर बांधले त्या वैज्ञानिक महत्त्वामुळे संरक्षित होत्या. बांधकामाने त्या इतक्या बदलल्या, की 2020 साली त्या भागाचा संरक्षित दर्जाच काढून घ्यावा लागला. म्हणजे ज्या पडीक वाळूला कोणी विचारीत नव्हते तिला खेळाने किंमत आणली, आणि किंमत आल्यावर गिऱ्हाईक आले. आपल्या गायरानांचे दुसरे काय झाले? रस्ता जवळ आला, भाव चढला आणि गावची गुरे उपाशी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली राज्यांना गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याची योजना करा असे बजावले. तोवर कित्येक गावांत हटवायला उशीर झालेला होता.

स्कॉटलंडात 2003 च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवरून जबाबदारीने चालण्याचा हक्क सर्वांना मिळाला आहे. गोल्फचे मैदानही त्यातून सुटलेले नाही. हिरवळीच्या मुख्य चकत्या टाळून ते ओलांडता येते. क्रेलची किनाऱ्यालगतची पायवाट गावापासून तीनेक किलोमीटरवर बाल्कोमी लिंक्सच्या कडेने जाते. 1895 च्या सुमारास ओल्ड टॉम मॉरिस या नामांकित कारागिराने आखलेले ते मैदान. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खेळ. वाटेत कोणी तिकीट विचारीत नाही. पुढचा माणूस फटका मारायच्या बेतात असला तर क्षणभर थांबायचे, चेंडू गेला की आपण पुढे निघायचे.