अडलेला ढेकर

वैरण खाऊन गाय निवांत रवंथ करत असली की तिच्या डाव्या अंगाला जाऊन उभं राहावं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधल्या खोलगट जागेला भकाळी म्हणतात. तिथं मूठ दाबून धरली की जरा वेळानं आतून काहीतरी मुठीला वर उचलतं आणि ओसरतं. दोन मिनिटांत अशा दोन ते चार लाटा लागल्या, की गाईचं कोठीपोट चालू आहे असं समजायचं. या लाटांच्या अधूनमधून, साधारण मिनिटाला एक या हिशेबानं, गाय ढेकर देत असते. माणसासारखा आवाज करून नाही, अगदी गुपचूप. जन्मभर गोठ्यात राबलेल्या माणसालाही तो ऐकू आलेला नसतो.

पोटफुगीची गोष्ट या ढेकरापासून सुरू होते. ‘गॅस फार धरला’ असं आपण म्हणतो खरं, पण गॅस तर रोजच धरतो. मोठ्या गाईचं कोठीपोट शंभर-दीडशे लिटरचं असतं. त्यात असंख्य सूक्ष्मजीव चारा कुजवण्याचं काम रात्रंदिवस करतात. त्यातून तासाला ३० ते ५० लिटर वायू तयार होतो, मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि त्याखालोखाल मिथेन. हवामानबदलाच्या चर्चेत गाईच्या ज्या मिथेनचा उल्लेख येतो तो बहुतेक सगळा तोंडावाटे, याच ढेकरातून बाहेर पडतो. एवढ्या वायूला दुसरी वाट नाही. ती वाट तासभर बंद झाली तर काय होईल, हे सांगायला पशुवैद्य लागत नाही.

म्हणून फुगलेलं जनावर पाहिल्यावर पहिला प्रश्न ‘गॅस का झाला’ हा नाही, ‘ढेकर का अडला’ हा आहे. उत्तराप्रमाणे इलाज बदलतो, आणि चुकीच्या उत्तरावरचा इलाज कधीकधी जीवही घेतो.

सर्वांत फसवं उत्तर म्हणजे फेस.

नगरकडे लसूणघासाला नुसतं ‘घास’ म्हणतात. दुभत्या गाईचा तो आवडता चारा. प्रथिनं भरपूर, दुधाला चांगला. माझ्या चुलत्यांची एक संकरित गाय हिवाळ्यातल्या एका सकाळी दावं तोडून फुलोऱ्यावर न आलेल्या कोवळ्या घासात शिरली. पानांवर दव होतं, गाय रात्रभराची उपाशी होती. अर्ध्या-पाऊण तासानं कुणाच्या तरी लक्षात आलं आणि तिला हाकलून आणलं. आणली तेव्हा ठीक होती. चहा होईपर्यंत डावी भकाळी भरून आली, मग कमरेच्या हाडाच्या वर गेली. गाय पोटावर लाथा मारायला लागली, बसायची, उठायची, थोडं थोडं शेण टाकायची. मग मान लांब करून तोंडानं श्वास घ्यायला लागली.

पोटात काय चाललं होतं ते समजायला स्वयंपाकघरात जावं लागेल. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजायला ठेवली की फेस वर येतो आणि उतू जातो. डाळीतली प्रथिनं आणि सॅपोनिनसारखे पदार्थ बुडबुड्यांभोवती चिवट पडदा धरतात, म्हणून बुडबुडा फुटत नाही. घास, बरसीम, चवळी, हरभरा हीही डाळीच्याच कुळातली, द्विदल पिकं. कोवळ्या पानांत विरघळणारी प्रथिनं भरपूर असतात, पानं पोटात गेल्यावर लगेच फुटतात आणि त्यांचे बारीक हिरवे कण बुडबुड्यांच्या पडद्याला चिकटून त्याला आणखी बळकट करतात. मग वायू एकत्र येऊन वर साठत नाही. साऱ्या चाऱ्यात बारीक बारीक बुडबुडे होऊन अडकतो, आंबवलेल्या पिठासारखा.

अन्ननलिका कोठीपोटात जिथं उघडते त्या तोंडाची एक सवय आहे. समोर मोकळी हवा आली तर ते उघडतं. पाणी, चारा किंवा फेस आला तर मिटून बसतं. एरवी ही सवय शहाणपणाची, कारण ढेकराबरोबर पातळ द्रव वर आला तर तो श्वासनलिकेत जाण्याची भीती. फेसाच्या वेळी हाच शहाणपणा गाईच्या मुळावर येतो. कोठीपोट जोर लावत राहतं, तोंड मिटलेलं राहतं, वायू तयार होतच राहतो. फुगलेलं पोट पुढं छातीच्या पडद्यावर रेलतं, फुप्फुसांना पसरायला जागा उरत नाही, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. जनावर पोट फुटून मरत नाही, गुदमरून मरतं.

चुलत्यांच्या गाईला पाहायला आलेल्या डॉक्टरांनी आल्या आल्या आजीला विचारलं, “आजी, हिनं मघाशी काय खाल्लं?” इंजेक्शनची पेटी उघडण्याआधी. तेव्हा मला ते वेळकाढूपणाचं वाटलं होतं. निम्मं निदान त्या एका प्रश्नात होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

मग त्यांनी भकाळीवर बोटांनी टिचक्या मारल्या. ढोलासारखा पोकळ आवाज आला तर वर मोकळा वायू आहे. बद्द आवाज आला तर फेस किंवा चारा. पण कानावर फार भरवसा ठेवता येत नाही. खरी परीक्षा नळीची. जबड्यात आडवं लाकूड धरून त्यातून रबरी नळी घशातून पोटापर्यंत सरकवतात. वायू मोकळा असेल तर आंबूस, हिरवट वासाचा झोत भसकन बाहेर येतो आणि भकाळी डोळ्यांदेखत बसते. निदान आणि इलाज एकदमच. त्या दिवशी नळीच्या टोकाला फक्त मूठभर हिरवा फेस आला आणि थांबला.

त्यांनी चुलतीकडे गोडं तेल मागितलं. डाळ उतू जाऊ नये म्हणून आपल्या बायका पातेल्यात तेलाचा थेंब सोडतात, तोच उपाय. तेल पडद्यात शिरतं, पडदा फाटतो, बारीक बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि वायू वर सुटतो. मोठ्या जनावराला पाव ते अर्धा लिटर खाद्यतेल पुरतं. शेंगदाण्याचं, जवसाचं, घरात असेल ते. औषधाच्या दुकानात सिमेथिकोनची बाटली मिळते, तिचं कामही हेच, फक्त जास्त नेटकं. तेल नळीतूनच सोडलं, मग दोघांनी दोन्ही हातांनी डावी कूस चांगली मळली, कारण तेल फेसाच्या वर नुसतं तरंगत राहिलं तर उपयोग नाही. वीसेक मिनिटांनी गाईनं मान पुढं केली आणि घशातून एक लांबलचक घुरघुर आली. गाईचा ढेकर मी कानांनी ऐकला तो तेवढाच.

हाच प्रसंग फेसाऐवजी मोकळ्या वायूचा असता तर तेलानं काही झालं नसतं. आंब्याच्या दिवसांत उकिरड्यावरची कोय, बाजाराच्या दिवशी रस्त्यावरचा बटाटा किंवा बिटाचा गड्डा जनावर न चावता गिळतं आणि तो अन्ननलिकेत अडकतो. वायू वर तयार आहे, तोंडही उघडायला तयार आहे, पण रस्त्यात बूच बसलंय. ओळखायची खूण म्हणजे लाळ: ती तोंडातून सारखी गळत राहते, जनावर मान ताणतं, खोकतं, पाणी प्यायला गेलं तर नाकातून परत येतं. अशा जनावराला घाईघाईनं तेल किंवा काढा पाजणं हा घातच. खाली उतरायला वाट नाही म्हणून तो फुप्फुसात उतरतो.

रस्ता मोकळा आणि तरी ढेकर नाही, असंही होतं. व्यायल्यानंतर दुग्धज्वरानं कोसळलेली गाय कुशीवर आडवी पडली की अन्ननलिकेचं तोंड पोटातल्या द्रवाखाली बुडतं आणि ती फुगू लागते. तिला पोत्यांचा टेकू देऊन छातीवर बसतं करायचं. कॅल्शियम द्यायला डॉक्टर येईपर्यंत तेवढंही तिला तारून नेऊ शकतं. काही जनावरं थोडी थोडी, पण पुन्हा पुन्हा फुगतात. तिथं नळी घालून वायू काढला तरी दोन दिवसांनी पुन्हा तेच. चाऱ्यातून गेलेली तार जाळीपोटात रुतलेली असते, कोठीपोटात प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा झालेला असतो, म्हशींत छातीचा पडदा फाटून जाळीपोट पुढं छातीत सरकलेलं असतं. गावातल्या मोकाट गाईंच्या पोटातून शस्त्रक्रियेनं काढलेला पिशव्यांचा ढीग ज्यानं पाहिला आहे, तो शिळी पोळी पिशवीत बांधून रस्त्यावर ठेवणार नाही.

पोळ्याचं प्रकरण याहून वेगळं, आणि दरवर्षीचं. ज्या बैलानं वर्षभर कडबा चघळला त्याला सणाला घरोघरच्या पुरणपोळ्या. लग्नाच्या मांडवामागचा उरलेला भात किंवा फुटलेलं गव्हाचं पोतं हा त्यातलाच प्रकार. पीठ आणि गूळ कोठीपोटात भराभर आंबतात, आम्ल तयार होतं, आणि त्या आम्लानं पोटाची हालचालच बंद पडते. पोट फुगतं, पण ढोलासारखं नाही. हलवलं तर आत पाणी हिंदकळल्यासारखं वाटतं. जनावर सुस्त होतं, दुसऱ्या दिवशी आंबट वासाची हगवण लागते. याला पोटफुगी समजून नुसतं तेल पाजत बसलं तर मूळ आम्ल तसंच राहतं. इथं डॉक्टर खायचा सोडा आणि सलाईन वापरतात, पण हिशेबानं. आम्लात सोडा पडला की वायू सुटतो, हे लिंबू-सोडा प्यायलेल्या कुणालाही ठाऊक आहे; ढेकर अडलेल्या पोटात अंदाजानं मूठभर सोडा ओतणं म्हणजे फुगलेल्या फुग्यात आणखी हवा भरणं.

कोवळी किंवा पाण्याचा ताण पडलेली ज्वारी खाऊन किराळ लागतं, तेव्हाही जनावर तडफडतं आणि पोट फुगल्यासारखं दिसतं. ती सायनाइडची विषबाधा आहे. तिचं औषध निराळं आणि वेळ त्याहून कमी. ‘काय खाल्लं’ हा प्रश्न इथंही आधी.

डॉक्टर वाटेत असताना घरच्यांनी काय करावं? वैरण काढून घ्यावी. जनावर उभं राहत असेल तर बसू देऊ नये, चढावर पुढचे पाय उंच येतील असं उभं करावं, म्हणजे मोकळा वायू अन्ननलिकेच्या तोंडाकडे सरकतो. तोंडात लगामासारखी आडवी काठी बांधावी. जुनी माणसं कडुनिंबाची बांधायची. कडूपणापेक्षा महत्त्वाचं हे की जनावर ती चघळत राहतं आणि लाळ सुटते. गाईला दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ सुटते आणि ही लाळ फेस मोडायला मदत करते. लाळ गळत नसेल, गिळता येत असेल, जनावर शुद्धीत आणि उभं असेल, तरच तेल पाजावं: डोकं फार वर न करता, जीभ न ओढता, घोट घोट. ठसका लागला की लगेच थांबून डोकं खाली सोडावं. टर्पेंटाइन फार तर ३०-६० मिली, तेही भरपूर तेलात मिसळून आणि डॉक्टरांनी सांगितलं तरच. दुधाला त्याचा वास येतो. रॉकेल मात्र कुणी कितीही सांगो, पाजू नये. आणि १९६२ हा पशुसंवर्धनाचा टोल फ्री क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवावा. घाईत मोबाइलमधलं नाव सापडत नाही.

भकाळीत ट्रोकार, म्हणजे नळी बसवलेलं टोकदार हत्यार, खुपसून वायू काढतात, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं आणि तोच पहिला इलाज वाटतो. तो शेवटचा. जनावर जीभ बाहेर टाकून कोसळायच्या बेतात असेल तर पशुवैद्य फुगवट्याच्या सर्वांत उंच जागी, टोक उजव्या पुढच्या कोपराकडे रोखून, ट्रोकार घालतात आणि वायू थोडा थोडा सोडतात. फेस असेल तर बारीक नळीतून काहीच येत नाही. तिथं रुंद नळी किंवा थेट पोट उघडण्याची शस्त्रक्रिया लागते. गावठी सुई-दाभणानं भोक पाडलेली जनावरं पोटफुगीतून वाचतात आणि आतड्यांच्या आवरणाला पू होऊन आठवड्यानं जातात.

एक इशारा वेगळा. सकाळी गोठ्यात फुगून मेलेलं जनावर दिसलं म्हणजे ते पोटफुगीनंच गेलं असं नाही; मेल्यावर कुठलंही जनावर फुगतं. नाका-तोंडातून, गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त आलेलं असेल तर फाशी रोगाची शंका घ्यावी, त्याला कापू नये, कातडं काढू नये, डॉक्टरांना बोलवावं. तो रोग माणसालाही होतो.

चुलत्यांच्या गोठ्यात त्या दिवसापासून घास बंद झाला नाही. बंद करायचं कारणही नव्हतं. बदलला फक्त क्रम. सकाळी आधी कडब्याची कुट्टी, फार बारीक न केलेली. ती चावताना लाळ सुटते आणि भूक मोडते. दव उडाल्यावर कापलेला घास काही तास पसरून सुकवायचा, मग कडब्यात मिसळून, निम्म्याहून कमी. फुलोऱ्याआधीचा कोवळा फुटवा तर नेहमीच हात राखून. नवा खुराक दोन-तीन आठवड्यांत थोडा थोडा वाढवायचा. आणि त्या एका गाईवर जरा जास्त नजर, कारण काही जनावरांची ठेवणच फुगण्याची असते. त्याच दावणीची बाकीची जनावरं तोच घास खाऊन खुशाल बसलेली असतात.

त्या सकाळी ढेकर आल्यावरही डॉक्टर लगेच गेले नाहीत. गाईला दुपारपर्यंत वैरण टाकू नका म्हणाले, ओट्यावर बसले, दोनदा उठून भकाळीवर मूठ ठेवून आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा गाय रवंथ करत होती. “आता चहा द्या,” म्हणाले.