खपल्या कातडीवर, दुखणे बोटांत

बेंबळीच्या शिवारात सोयाबीनची काढणी लागली की बाया पहाटेच विळे घेऊन निघतात. आमच्या एका मावशींना दोन वर्षांपूर्वी तो विळाच धरवेना. सकाळी मूठ वळायची नाही. दहा वाजेपर्यंत हात मोकळा व्हायचा. "वात हाय, तेल चोळ," घरचे म्हणाले. डोक्यात आणि कोपरांवर खपल्यांचे चट्टे त्यांना बारा वर्षांपासून होते. त्यांचा बोटांशी संबंध असेल हे कोणाच्या ध्यानात आले नाही. आमच्याही नाही.

सोरायसिस नुसता कातडीचा नाही. शरीराची संरक्षणशक्ती कातडीवर उलटते, तशी सांध्यांवरही उलटू शकते. चार-पाच रुग्णांमागे साधारण एकाला हे होते, बहुधा चट्ट्यांनंतर काही वर्षांनी. झिजेचे दुखणे कामाने वाढते, बसल्यावर उतरते. याचे उलटे: झोपून उठल्यावर अर्धा तास किंवा जास्त सांधे आखडतात, हालचालीने सैल होतात. एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत सुजते. टाच दुखते. पहाटे कंबरेने जाग येते. आणि नखे पाहा! अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे पडले असतील किंवा नख मांसापासून सुटत असेल, तर जास्तच सावध व्हावे.

रक्तातला 'आर. ए. फॅक्टर' यात बहुधा निर्दोषच येतो, सुरुवातीला एक्स-रेही. म्हणून डॉक्टरांना चट्टे दाखवलेच पाहिजेत. मावशींनी ते पदराखाली झाकले होते. का, तर कोणीतरी त्यांचा तांब्या वेगळा ठेवला होता! हा आजार स्पर्शाने, पाण्याने, ताटातून पसरत नाही. वेगळा तांब्या म्हणजे काय, हे आपल्या माणसांना आम्ही सांगायला हवे काय?

सहा महिन्यांची दिरंगाईही सांध्याला भोवते. झिजलेले हाड परत येत नाही. धाराशिव, सोलापूर किंवा लातूरच्या सरकारी रुग्णालयात त्वचा विभागात जाऊन सांधेही दुखतात हे आपणहून सांगावे. पुड्या देणाऱ्यांकडे जाऊ नये. त्यांत स्टेरॉइड असले तर चार दिवस बरे वाटते, बंद करताच चट्टे उसळू शकतात. मेथोट्रेक्सेट दिले तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. दारू वर्ज्य, रक्ततपासणी वेळेवर. मूल हवे असल्यास आधी डॉक्टरांना सांगावे.

मावशी दर रविवारी गोळ्या घेतात. वार नातीने कॅलेंडरवर खुणेने मांडून दिले आहेत. दोन बोटे वाकडी राहिली ती राहिलीच. यंदा मात्र त्या काढणीला गेल्या.