घरांतील इंटरनेट आणि जमिनीचें दप्तर

शेतकऱ्याच्या घरीं आलेली इंटरनेटची जोडणी पुष्कळांस केवळ करमणुकीची वस्तु वाटते. मुलांनीं खेळ पाहावे, बायकामंडळींनीं परगांवच्या लेकीशीं बोलावें, इतकाच तिचा उपयोग बहुतेक घरीं होतो. परंतु जमीनधारकाच्या दृष्टीनें तिचें महत्त्व याहून मोठें आहे. पूर्वीं चावडीवर जाऊन जें पाहावें लागे, तें आतां घरबसल्या दिसतें. आणि म्हणूनच तें न पाहिल्यानें होणाऱ्या नुकसानीस आतां बरेंचसें आपणच कारण होतों.

ही जोडणी कसकशी सुधारत गेली तें प्रथम थोडक्यांत सांगतों. भारतांत सर्वसाधारण ग्राहकांसाठीं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सुरू केलें. आरंभीं तें मुंबईसारख्या मोठ्या शहरांपुरतेंच होतें. घरच्या टेलिफोनच्या तारेस मोडेम नांवाचें यंत्र जोडीत. तें यंत्र मजकुराचें रूपांतर आवाजासारख्या लहरींत करून तारेवरून पाठवी, व तेवढा वेळ टेलिफोन अडून राही. त्या काळचा वेग सेकंदास ९,६०० बिट धरला, तर एक मेगाबाइटाचें छायाचित्र यावयास सुमारें १४ मिनिटें लागत. सन २००४ च्या ब्रॉडबँड धोरणांत किमान वेग सेकंदास २५६ किलोबिट ठरला. त्या वेगानें तेंच छायाचित्र अर्ध्या मिनिटांत येऊं लागलें, आणि एकाच तांब्याच्या तारेवर बोलणें व इंटरनेट हीं दोन्ही बरोबर चालूं लागलीं. मात्र टेलिफोन केंद्रापासून घर जितकें दूर, तितका वेग मंद होई. त्यामुळें मळ्यांत वस्ती करून राहणाऱ्यांस त्याचा लाभ क्वचितच झाला. सन २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेटचे दर एकाएकीं उतरले, आणि तार न ओढतां तें वस्तीवर पोहोंचलें. सांप्रत अनेक गांवीं तें कांचेच्या बारीक तंतूंतून प्रकाशाच्या रूपानेंही येतें.

आतां दप्तराकडे वळूं. आमचें आयुष्य महसुली कामांत गेलें. एका उताऱ्यासाठीं सज्ज्यावर दोन-दोन खेटे घालणारे खातेदार आम्हीं नित्य पाहिले आहेत. तलाठी फिरतीवर असला कीं दिवस मोडे. महाराष्ट्रांत सन २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरीं मिळूं लागला. त्यास १५ रुपये शुल्क पडतें व तो सरकारी कामास चालतो.

याहून महत्त्वाची गोष्ट फेरफाराची. वारस, खरेदी अथवा वाटणीची नोंद धरल्यावर हरकतीसाठीं १५ दिवसांची मुदत असते. मुदतींत लेखी हरकत आल्यास नोंद विवादग्रस्त ठरून तिची सुनावणी होते. न आल्यास मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात, व पुढें अपिलाचा खर्च आणि काळ सोसावा लागतो. नोटीस चावडीच्या फळ्यावर लागे. परगांवीं नांदणाऱ्या बहिणीस किंवा गिरणींत कामास गेलेल्या भावास ती कोठून दिसणार? वारसांतून नांव गळल्याचें त्यांस वर्षानुवर्षें कळत नसे. आतां ‘आपली चावडी’ या शासकीय संकेतस्थळावर आपला जिल्हा, तालुका व गांव निवडलें म्हणजे या नोटिसा कोठूनही वाचतां येतात.

पीक पाहणीचेंही तसेंच. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या पिकाची नोंद खातेदारानें स्वतः मोबाइलवरून, शेतांत उभें राहून छायाचित्र काढून करावयाची पद्धति राज्यभर सुरू झाली. ही नोंद राहिल्यास विमा व नुकसानभरपाईचे वेळीं अडचण पडते.

येथें एक धोका सांगणें अवश्य आहे. ज्यास वाचतां येतें असा खातेदारही मोबाइल दुसऱ्याच्या हातीं देऊन मोकळा होतो, आणि आलेला ओटीपी विचारील त्यास सांगतो. दप्तराची पेटी उघडी टाकून जाण्यासारखेंच हें आहे. मुलाकडून शिकून घेण्यांत कमीपणा नाहीं. ओटीपी मात्र कोणासही सांगूं नये.

आमची वाचक बंधूंस सूचना इतकीच कीं, हरकतीची मुदत पंधरवड्याची असल्यानें दर आठवड्यास बाजाराच्या दिवशीं गांवच्या नोटिसा एकदां वाचाव्या. तसेंच वर्षांतून दोनदां आपल्या सातबाऱ्यावरील नांवें, क्षेत्र व इतर हक्कांतील बोजे जुन्या उताऱ्याशीं ताडून पाहावे. चूक आढळल्यास त्याच आठवड्यांत लेखी अर्ज देऊन पोंच घ्यावी, व ती जपून ठेवावी.