बर्फात अडकलेली आमची पहिली सफर

आजकाल लग्न ठरले की पहिला प्रश्न असतो, "हनिमूनला कुठे?" आमच्या वेळी हा शब्द थोरांसमोर उच्चारायची सोय नव्हती. "जरा फिरून येतो" एवढेच म्हणायचे आणि मान खाली घालायची. मिरजेच्या आमच्या घरात अब्बांनीच ही अडचण सोडवली. "काश्मीर पाहून या. हजरतबलला दोन रकात नफिल पढा आणि सगळ्यांसाठी दुआ मागा," असे त्यांनी जाहीर केले, आणि आमच्या फिरायला जाण्याची एकदम जियारत होऊन गेली.

ही हकीकत आम्ही दोघांची आहे. लिहिणारा हात एकाचा असला तरी एकही वाक्य दुसऱ्याला ऐकवल्याशिवाय पुढे गेलेले नाही. जिथे आठवणी जुळल्या नाहीत तिथे बायकोची आठवण ग्राह्य धरली आहे.

आमचा निकाह २००८ च्या डिसेंबरातला, बकरी ईदनंतरचा. निघालो जानेवारीच्या मध्यावर. दोघेही शाळेत, दोघांचा पगार बेताचा, आणि विमानात आधी कोणीच बसलेले नव्हते. खरे सांगायचे तर एकमेकांनाही आम्ही फारसे ओळखत नव्हतो. सांगलीच्या एका एजंटाने तिकिटे काढून दिली. मुंबई ते दिल्ली एका कंपनीचे, दिल्ली ते श्रीनगर दुसऱ्या कंपनीचे. "स्वस्तात पडते," तो म्हणाला. ते किती महागात पडले ते पुढे येईलच.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठली आणि सांताक्रूझच्या विमानतळाच्या दारातच पहिली अडचण उभी राहिली. तिकिटावर बायकोच्या नावापुढे नवऱ्याचे आडनाव, आणि मतदार ओळखपत्रावर वडिलांचे. नोव्हेंबरच्या हल्ल्याला अजून दोन महिनेही झाले नव्हते. शहर घाबरलेले होते, बंदोबस्त कडक होता, आणि दारावरचा जवान आपले काम चोख करत होता. दोन नावे दिसतात म्हणजे दोन माणसे, असे त्याचे म्हणणे. आम्ही पिशवीतून निकाहनाम्याची झेरॉक्स काढली. ती संपूर्ण उर्दूत! त्या दिवसांत, त्या दारात, उर्दू कागद पुढे करताना आमचे हात थरथरत होते हे आज कबूल करतो. "आम्ही उर्दूचेच शिक्षक आहोत, वाचून दाखवतो," म्हटले, तर तो म्हणाला, "तुम्ही तुमच्या सोयीचेच वाचाल." यात त्याचे काही चुकले असे आजही वाटत नाही.

मागच्या रांगेतून एक वृद्ध पुढे आले. पांढरी दाढी, निळी पगडी, हातात काठी. "लाओ बेटा, मैं पढ़ देता हूँ," म्हणाले. लाहोरच्या शाळेत चौथीपर्यंत उर्दू शिकलो, असे त्यांनी जवानाला सांगितले. मग चष्मा पुसून त्यांनी तो कागद असा खणखणीत वाचला की अख्खी रांग ऐकत उभी राहिली. नवरीचे नाव, तिच्या वडिलांचे नाव, नवऱ्याचे नाव, वकील, गवाह. मेहरच्या रकमेपाशी आल्यावर थांबले, चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "ग्यारह हज़ार, नक़द अदा. शाबाश!" जवानही हसला. आत कंपनीच्या काउंटरवर एका बाईंनी नाव दुरुस्त करून दिले. सरदारजींना शुक्रिया म्हणायला वळलो तोवर ते आपल्या विमानाकडे निघून गेले होते.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. निकाहाने मुलीचे नाव बदलत नाही. आपल्याकडे बापाचे नाव मुलीसोबत आयुष्यभर राहते. महाराष्ट्राच्या रिवाजाप्रमाणे आपणही सासरचे आडनाव लावतो. लावायचे तर लावा, पण ओळखपत्रावर जे अक्षर न् अक्षर असेल तेच तिकिटावर हवे. आज आधार कार्ड असूनही आमच्या शाळेतल्या दोन नव्या शिक्षिकांची याच कारणाने धावपळ झालेली आम्ही पाहिली आहे.

दिल्लीत धुके होते. जानेवारीत ते असतेच, पण हे आम्हाला एजंटाने सांगितले नव्हते. मुंबईचे विमान पाच तास उशिरा सुटले आणि श्रीनगरचे विमान आमच्याशिवाय निघून गेले. श्रीनगरला त्या काळी रात्रीची उड्डाणे नव्हती (ती २०२१ साली सुरू झाली), म्हणजे दुसऱ्या दिवसाशिवाय इलाज नव्हता. दुसऱ्या कंपनीने हात वर केले. तुम्ही उशिरा आलात, पहिली कंपनी आमची नव्हे, तिकीट बुडाले. दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असती तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीवर आली असती. नव्या तिकिटांना तेरा हजार लागत होते. नवऱ्याच्या खिशात नऊ होते, आणि त्यातच परतीपर्यंतचा खर्च भागवायचा होता.

नवरा म्हणाला, "निजामुद्दीनवरून गोवा एक्स्प्रेस पकडू. थेट मिरजेत उतरू." बायकोने पर्स उघडली. निकाहाच्या दिवशी मिळालेले मेहरचे पाकीट तिने जसेच्या तसे सोबत आणले होते. अम्मीने, म्हणजे तिच्या आईने, बजावले होते, हे पैसे तुझे आहेत, यावर नवऱ्याचा, सासऱ्याचा, बापाचा, कोणाचा हक्क नाही.

त्या रात्री आमचे पहिले भांडण झाले. नवऱ्याला वाटत होते, लग्नाला महिना झाला नाही तोच बायकोच्या मेहरला हात लावणारा माणूस म्हणून आपण घरी कोणत्या तोंडाने जाणार? बायकोला वाटत होते, माझे पैसे माझे असतील तर ते कुठे खर्च करायचे हेही मीच ठरवणार. दोघेही बरोबर होतो, त्यामुळे भांडण लांबले.

आमचा आवाज ऐकून बंदोबस्तावरचा एक तरुण जवान जवळ आला. आता हाकलतोय असे वाटले, तर त्याने मराठीत विचारले, "कुठलं गाव?"

"मिरज."

"मिरज? माझी मावशी दिलीय की मिरजेत! मी जतचा."

त्याने साहेबांशी बोलून आम्हाला बाहेरच्या हॉलमध्ये रात्र काढायला कोपरा मिळवून दिला, चहा आणला, आणि स्वतःची शाल बायकोच्या अंगावर टाकायला दिली. इशाची नमाज आम्ही तिथेच, कसर करून, दोन पिलरच्या मध्ये पढली. तो तेवढा वेळ सामानापाशी उभा राहिला.

भांडणाचा निकाल बायकोनेच लावला. सात हजार ती देणार, पण कर्ज म्हणून. सूरह बकरामध्ये कर्ज लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगितले आहे, मग लिहायचेच. शाळेच्या वहीचे पान फाडले, "मी अमुक, माझ्या पत्नीकडून रुपये सात हजार उसने घेतले" असे नवऱ्याने लिहिले आणि जतच्या त्या पोराने हसत हसत साक्षीदार म्हणून सही केली. पहाटे त्याची ड्युटी संपली. जाताना म्हणाला, "गुरुजी, फेडा बरं का. सही माझी हाय."

श्रीनगरचे पहिले तीन दिवस फार सुंदर गेले, आणि सुंदर दिवसांविषयी लिहिण्यासारखे थोडेच असते. दुकानांच्या पाट्या उर्दूत वाचताना परक्या मुलुखात असल्यासारखे वाटेना. हजरतबलला अब्बांची दुआ पोचवली. चाळीस दिवसांच्या कडाक्याला तिथे चिल्लई कलान म्हणतात, तो निम्म्याहून अधिक सरला होता.

परतीच्या आदल्या रात्री बर्फ सुरू झाला. सकाळी विमान रद्द. जम्मूचा महामार्ग बंद. हॉटेलात एक दिवस जास्त राहिलो, दुसऱ्या दिवशी पुन्हा विमानतळावर गेलो, पुन्हा रद्द. वीज नव्हती, त्यामुळे एटीएमही बंद. आता खिशात दीड हजार उरले होते, आणि पाकिटातल्या उरलेल्या चार हजारांकडे पाहायचे नाही असे दोघांनीही न बोलता ठरवले होते. त्याहून मोठी काळजी फोनची होती. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम तिथे चालत नाही हे आम्हाला पोचल्यावर कळले. आजही ही गोष्ट जाणाऱ्याने आधी विचारून घ्यावी. मिरजेत टीव्हीवर बर्फाच्या बातम्या आणि आमचा फोन बंद, या दोन गोष्टी एकत्र आल्यावर बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या अम्मीचे काय होत असेल, हा विचार आम्हाला जेवू देत नव्हता.

ज्याच्या गाडीतून विमानतळावर आलो होतो तो ड्रायव्हर अजून बाहेरच उभा होता. रद्द झालेल्या विमानाची माणसे परत शहरात नेता येतील म्हणून थांबला असेल असे वाटले. भाडे विचारले तर म्हणाला, "होटल नहीं, घर चलिए." हुमहामाच्या पुढे बडगामच्या वाटेवर त्याचे घर होते. आम्ही संकोचलो. अनोळखी मुलुख, नवी बायको, नवरा घाबरणारच. पण त्याने आधी स्वतःचा मोबाइल हातात दिला. "पहले अम्मी को फ़ोन कीजिए." मिरजेला फोन लागला. पलीकडे अम्मीच्या तोंडून शब्द फुटेना, नुसते रडणे ऐकू येत होते. तो गाडीतून उतरून बर्फात दूर जाऊन उभा राहिला.

त्याच्या घरी आम्ही दोन रात्री राहिलो. त्याच्या आईला सगळे मोज म्हणत, मोज म्हणजे आई. तिला काश्मिरीशिवाय काही येत नव्हते आणि आम्हाला काश्मिरी येत नव्हते. तिने बायकोला आपल्या फिरनमध्ये घेतले, निखाऱ्यांची कांगडी मांडीशी दिली आणि गुलाबी रंगाचा खारट चहा पुढे केला. नून चाय. पहिला घोट नवऱ्याने जेमतेम गिळला. तिसऱ्या दिवशी तो मागून पीत होता. झोपायला हमाम दिला. खाली लाकडे जाळून फरशी तापवलेली ती खोली म्हणजे त्या घरातली एकमेव उबदार जागा. घरातली पाच माणसे शेजारच्या थंड खोलीत झोपली, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले. आमच्याकडे द्यायला काय होते? सांगलीचे भडंग. पोरांनी मुठी भरभरून खाल्ले, डोळ्यांतून पाणी काढले, आणि पुन्हा हात पुढे केले.

निघताना पैसे देऊ केले तर तो एवढा नाराज झाला की विषय सोडावा लागला.

विमान उडाले, पण आमची एक बॅग राहिली. श्रीनगरला विमानाजवळ मांडलेल्या सामानातून आपली बॅग स्वतः ओळखून दाखवावी लागे, नाहीतर ती विमानात चढवत नसत. घाईत आम्ही एकच दाखवली. दिल्लीला काउंटरवर लेखी तक्रार दिली, टॅगचा नंबर होता म्हणून बरे. ड्रायव्हरला फोन केला. तो तीनदा विमानतळावर गेला, नंबर दाखवून बॅग पुढच्या विमानात चढवून घेतली. आठ दिवसांनी मुंबईच्या खालाच्या मुलाने ती मिरजेला पोचवली.

उड्डाण रद्द झाले तर तिकिटाचे पैसे परत किंवा दुसरे उड्डाण, आणि उशीर झाला तर चहापाणी-जेवण, असे नियम विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१० साली केले. खराब हवामानासाठी वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही, पण पैसे परत मागण्याचा हक्क राहतो. आमच्या वेळी काय होते काय नव्हते, आम्ही विचारलेच नाही. तुम्ही विचारा.

सात हजार नवऱ्याने पगारातून सहा महिन्यांत फेडले. शेवटचे पाचशे बायकोने मुद्दाम घेतलेले नाहीत. चिठ्ठी कपाटात आहे, कर्ज चालू आहे.

२०१४ च्या सप्टेंबरात झेलमला पूर आला, श्रीनगर बुडाले. टीव्हीवर छपरांवर बसलेली माणसे दिसत होती आणि त्याचा फोन लागत नव्हता. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी एकदा, रात्री इशानंतर एकदा नंबर फिरवायचा. बाराव्या दिवशी लागला. घरातली सगळी सुखरूप होती, अल्हम्दुलिल्लाह. बोलता बोलता मागून मोजचा आवाज आला. ती काश्मिरीत काहीतरी विचारत होती आणि तो हसत होता.

"क्या कह रही हैं?" आम्ही विचारले.

"पूछ रही हैं, वो बैग पहुँच गया था ना?"