चाहत्यांचा मेळा आणि मुक्तांबापूरचे छत्र

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांच्या वाचकांचे जे मेळावे पाश्चात्त्य देशांत भरतात, त्यांना तिकडे 'फॅन कन्व्हेन्शन' म्हणतात. या दोन शब्दांचे मराठी भाषांतर करू जाता भाषांतरकाराची पंचाईत होते. 'फॅन' म्हणजे रसिक म्हणावे, तर रसिक हा आस्वाद घेऊन तृप्त होणारा. भक्त म्हणावे, तर तो प्रश्न विचारीत नाही. त्यातल्या त्यात 'चाहता' जवळचा. परंतु खरी अडचण दुसऱ्या शब्दाची आहे. 'संमेलन' म्हटले की मराठी मनापुढे प्रथम उभी राहते ती अध्यक्षांची खुर्ची, आणि या मेळाव्यांचा प्राण नेमका त्या खुर्चीत नाही.

हे मेळावे कसे जन्मले ते पाहिले म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. १९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅक यांनी अमेरिकेत 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढले आणि त्यात वाचकांची पत्रे त्यांच्या पत्त्यांसह छापली. पत्ते मिळताच वाचक संपादकाला वगळून परस्परांना लिहू लागले. पत्रांतून मंडळे झाली, मंडळांनी आपली हस्तपत्रे काढली, आणि १९३७ मध्ये इंग्लंडातील लीड्स येथे व १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे मेळावे भरले. न्यूयॉर्कच्या मेळाव्याला सुमारे दोनशे माणसे होती. त्यांत एक जोडपे भविष्यकाळातील माणसांचा पोषाख करून आले होते. आज सर्वत्र दिसणाऱ्या वेषधारणेच्या प्रथेचे मूळ तेथे सांगतात. १९५३ पासून दिले जाणारे ह्यूगो पुरस्कारही परीक्षकमंडळ ठरवीत नाही, मेळाव्याचे सभासद मतदानाने ठरवितात. तात्पर्य, येथे वाचक हा श्रोता नसून कर्ता आहे.

आपल्याकडील परंपरा निराळी. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यास ग्रंथकारांची सभा भरली, आणि तिच्यातूनच आजचे साहित्य संमेलन वाढले. ती सभा ग्रंथकारांची होती, हे विसरता येत नाही. मराठी विज्ञानकथेलाही वळण मिळाले ते संस्थेच्या स्पर्धेतून. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने आलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखक होते जयंत विष्णु नारळीकर. नाव लपविण्यात त्यांचा विवेक दिसतो, आणि स्पर्धेचे ऋणही मोठे आहे. तथापि स्पर्धेत कथेचा निर्णय परीक्षक करतो. दोन वाचक तिच्यावरून भांडत नाहीत. परिणाम असा, की आपली टीका अजून विज्ञानकथेला 'यातले विज्ञान बरोबर आहे काय?' एवढेच विचारते. या कल्पिताने आपले परिचित जग कोणत्या नव्या बाजूने दिसले, हा प्रश्न क्वचितच निघतो. कारण तो प्रश्न वाचकांच्या गप्पांतून पिकतो, निकालपत्रातून नव्हे.

योगायोग असा, की नारळीकरांच्याच एका कथेत पानिपत मराठ्यांनी जिंकलेल्या पर्यायी जगात एक इतिहासकार जाऊन पडतो. शेकडो सभांचे अध्यक्षपद भूषविलेल्या त्या गृहस्थाला एका सभेत अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसते. तो तीवर जाऊन बसतो, आणि अध्यक्षीय भाषणांना कंटाळलेले ते जग त्याला हुसकून लावते. पुढे २०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष उपस्थित राहू शकले नाहीत. ती अनुपस्थिती दुःखदच होती. परंतु ज्याने ती कथा वाचली होती, त्याला रिकाम्या खुर्चीकडे पाहताना ती आठवल्यावाचून राहिली नसेल.

मग चाहत्यांच्या मेळाव्याचे बीज मराठीत कोठेच नाही काय? ते शोधण्यास तंजावराकडे वळावे. दुसरे सरफोजीराजे यांच्या नावावर असलेले 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक या दृष्टीने लक्षणीय आहे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरातली भविष्य सांगणारी स्त्री विरहिणी नायिकेकडे येते, आपण हिंडलेल्या गिरिप्रदेशांचे वर्णन करते आणि हात पाहून मीलनाचे भाकीत करते. मराठी नाटकात मात्र या स्त्रीच्या तोंडी येतो तो साऱ्या पृथ्वीचा भूगोल: खंडे, देश, नद्या. श्रोत्यांना ओळखीच्या भटकीच्या मुखाने अनोळखी जग ऐकवावयाचे, यापरते विज्ञानकथेचे दुसरे मर्म कोणते? उणीव एवढीच, की ते दरबाराचे नाटक होते. श्रोत्यांनी उलट काय म्हटले, याला त्यात जागा नव्हती.

ती जागा त्याच राजाच्या दुसऱ्या कृतीत दिसते. तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाताना ओरत्तनाडु लागते. येथे सरफोजीराजांनी मुक्तांबेच्या स्मरणार्थ छत्र बांधले आणि स्थळाला मुक्तांबापूर हे नाव दिले. १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात राजांनी आपल्या छत्रांची रीत वर्णिली आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, जो पांथस्थ येईल त्याला अन्न मिळे. आणि मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे, असा पुकारा होई.

छत्र आणि साहित्याचा मेळावा एक नव्हेत, हे उघड आहे. शिवाय चाहत्यांचे मेळावेही निर्दोष नाहीत; १९३९ च्या त्या पहिल्या मेळाव्यातच आपसांतील वादापायी सहा जणांना दारातून परत धाडण्यात आले होते. म्हणूनच आदर्श म्हणून छत्र अधिक चांगले. भाषांतरापुरते बोलावयाचे, तर 'संमेलन' सोडून 'मेळा' हा शब्द घ्यावा, असे मी सुचवीन. मात्र शब्द घेतल्याने वस्तू येत नाही. विज्ञानकथा वाचणारी मुले तालुक्याच्या गावी एकेकटी वाचीत असतात. त्यांना परस्परांचे पत्ते कळतील अशी सोय केली, तर पुढचे काम ती स्वतः करतील.