मारिओच्या उडीचे गणित

चेंडू सरळ वर फेकला तर वर जाण्यास त्याला जितका वेळ लागतो, तितकाच वेळ खाली येण्यास लागतो. गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात तुम्ही हे वाचले असेल. हवेचा थोडा विरोध होतो खरा, पण क्रिकेटचा चेंडू दोन-तीन मीटर उंच फेकला तर तो हिशेबात धरला नाही तरी चालते. मागे एकदा अकरावीच्या वर्गात मी हेच सांगत होतो. तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, ‘‘सर, मारिओ तर वर सावकाश जातो आणि खाली धपकन येतो. त्याला हा नियम नाही का?’’

वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, ‘‘तो तुझ्या डोळ्यांचा भास आहे.’’ हे उत्तर मी मोजमाप न करता दिले होते. घरी गेल्यावर पडद्याचे मोबाइलवर चित्रण केले आणि एकेक चित्र पुढे सरकवत मोजू लागलो. वर जाण्यास ३२ चित्रे, खाली येण्यास सुमारे २१! दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. मग उत्सुकतेपोटी या मालिकेतील जुन्या-नव्या खेळांतील उड्याही तपासल्या. ‘नव्या खेळात सगळे अगदी खरे वाटते’ असे मुले नेहमी म्हणतात. ते कितपत खरे आहे, ते आपण या उड्यांवरूनच पाहू.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीचे शिगेरू मियामोटो यांनी १९८१ साली ‘डाँकी काँग’ नावाचा खेळ रचला. त्यातील नायकाला आरंभी ‘जंपमॅन’, म्हणजे उडी मारणारा, एवढेच नाव होते. तोच पुढे मारिओ झाला. फळीवरून फळीवर उड्या मारत पुढे जाण्याच्या अशा खेळांना ‘प्लॅटफॉर्म गेम’ म्हणतात. १९८५ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला आणि जगभर गाजला. पुढच्या दशकात आपल्याकडेही टीव्हीला जोडायची स्वस्त नकली यंत्रे मिळू लागली. त्यांत ‘कॅसेट’ खोचून हा खेळ खेळलेले काका किंवा मावशी तुमच्या घरात बहुधा सापडतील.

हा सारा खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला होता. तुमच्या मोबाइलमधला एक साधा फोटोही याच्या कितीतरी पट जागा घेतो. यंत्रातील प्रक्रियकाला गुणाकाराची आज्ञाच नव्हती. त्याला बेरीज आणि वजाबाकी तेवढी येत असे. मग उडीचे गणित तो करी तरी कसे? पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटत. प्रत्येक चित्राच्या वेळी यंत्र दोनच गोष्टी करी: मारिओच्या उंचीत त्याचा वेग मिळवायचा आणि वेगातून एक लहानशी ठरावीक संख्या वजा करायची. ही ठरावीक संख्या म्हणजेच मारिओच्या जगातील गुरुत्वाकर्षण. समान कालावधीत पडणारा पदार्थ १, ३, ५, ७ अशा प्रमाणात अंतरे कापतो, हे गॅलिलिओने दाखवून दिले होते. तोही बेरजेचाच मामला आहे. तेव्हा गुणाकार न येणाऱ्या यंत्राला अन्वस्त वक्र काढता यावा, यात नवल नाही.

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. खेळाची आज्ञावली उलगडून अभ्यासकांनी ते शोधून काढले आहेत. पडद्यावरचे चित्र बारीक बिंदूंचे बनलेले असते. खेळातील एक वीट १६ बिंदू उंच असते, आणि अळंबे खाऊन मोठा झालेला मारिओ ३२ बिंदू. उभ्या जागेवरून उडी मारताना त्याचा प्रारंभिक वेग दर चित्राला ४ बिंदू असतो. एका बिंदूचे २५६ भाग कल्पिले, तर वर जाताना दर चित्राला त्यातील ३२ भाग, म्हणजे एक अष्टमांश बिंदू, वेगातून कमी होतात. चार भागिले एक अष्टमांश म्हणजे ३२. म्हणून ३२ चित्रांनंतर वेग शून्य होतो. उंची काढण्याचे सूत्र तुम्हाला ठाऊक आहे: वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट. १६ ला पाव या संख्येने भागा. उत्तर येते ६४ बिंदू, म्हणजे बरोबर चार विटा.

आणि खाली येताना? शिखर गाठताच यंत्र ३२ ऐवजी ११२ भाग मोजू लागते. गुरुत्वाकर्षण एकदम साडेतीन पट होते! शिवाय पडण्याचा वेग चार बिंदूंच्या आसपास पोचला की तेथेच रोखला जातो, नाहीतर मारिओ आणखी जोरात आदळला असता. माझा विद्यार्थी जे म्हणत होता ते हेच.

गंमत पुढेच आहे. बटण दाबून धरले असेल तोपर्यंतच ३२ भागांचे हलके गुरुत्वाकर्षण लागू असते. वर जाता जाता मध्येच बटण सोडले की तेव्हापासूनच जड गुरुत्वाकर्षण सुरू होते. बटण टिचकीसरशी सोडले तर उडी एका विटेहून थोडीच अधिक उंच जाते. म्हणजे जमीन सोडल्यावरही उडी किती उंच घ्यायची ते आपल्या बोटाच्या हाती राहते. तुम्ही अंगणात असे करू पाहा! एकदा पाय जमिनीवरून सुटले की काही केले तरी उंची बदलत नाही. हवेत असताना बटण दाबून मारिओला पुढे-मागे सरकवता येते, तेही न्यूटनच्या पहिल्या नियमाला न जुमानता. धावत घेतलेली उडी मात्र अधिक उंच, पाच विटांची, जाते आणि यात थोडे तथ्य आहे. उंच उडीचा खेळाडूही धावत येतो, ते उगाच नव्हे.

हे सारे आकडे आपल्या मापात आणू. मोठा मारिओ दीड मीटर उंच आहे असे समजा. मग एक बिंदू सुमारे ४.७ सेंटिमीटरचा होतो. त्याची उडी तीन मीटर उंच भरते. वर जाताना त्याचे त्वरण सुमारे २१ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, तर खाली येताना सुमारे ७४. म्हणजे पृथ्वीवरील ९.८ च्या साधारण साडेसात पट. एवढे कशासाठी? पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणात तीन मीटर उंच उडी घेऊन परत येण्यास सुमारे १.५६ सेकंद लागतील. मारिओ हे सारे ०.९ सेकंदाच्या आत उरकतो. खऱ्या नियमाने उडवला असता तर खेळणारा ताटकळत बसला असता आणि खालचे संकट पाहूनही त्याला काही करता आले नसते. म्हणून मला वाटते, १९८५ सालच्या त्या मंडळींनी निसर्गाची नक्कल करणे टाळले, ते अज्ञानामुळे नव्हे. त्यांनी माणसाच्या बोटांचा आणि धीराचा हिशेब मांडला.

येथे जरा थांबून एक प्रश्न सोडवा. टीव्हीची पद्धत जपानमध्ये सेकंदाला ६० चित्रांची होती, आपल्याकडे ५० ची. ५० चित्रे दाखवणाऱ्या यंत्रावर हाच खेळ चालवला तर उडी ठेंगणी होईल का? सेकंदाच्या हिशेबाने वेग सहापैकी पाच भाग राहतो आणि त्वरण छत्तीसपैकी पंचवीस भाग. वेगाचा वर्गही छत्तीसपैकी पंचवीस भाग होतो. वरचे आणि खालचे सारखेच घटले, म्हणून भागाकार तोच! उडी चार विटांचीच राहते. फक्त वेळ वाढतो, सुमारे ०.८८ ऐवजी १.०६ सेकंद. अशा यंत्रावर खेळलेल्यांचा मारिओ जपानी मुलांच्या मारिओपेक्षा आळशी होता, पण बुटका उडत नव्हता.

आता ११ वर्षे पुढे जाऊ. १९९६ साली ‘सुपर मारिओ ६४’ आला. आता पडदा सपाट राहिला नव्हता. मारिओ लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही दिशांनी फिरू लागला. या खेळातील मारिओ १६० एकके उंच आहे. साध्या उडीचा प्रारंभिक वेग दर चित्राला ४२ एकके आणि त्यात धावण्याच्या वेगाचा चतुर्थांश मिळवायचा. येथे सेकंदाला ३० वेळा हिशेब होतो. दर वेळी वेगातून ४ एकके वजा होतात, आणि ती वर जातानाही ४ आणि खाली येतानाही ४! बटण धरून ठेवले तर या उडीत चढण्याचा आणि उतरण्याचा वेळ सारखा येतो. माझ्या वर्गातल्या नियमाला या मारिओने मान दिला, असे म्हणायला हरकत नाही. अर्थात बटण लवकर सोडले की वर जाण्याचा वेग एकदम चौथ्या हिश्श्यावर येतो; ती जुनी सवलत येथेही आहे.

दीड मीटरच्या मापात हे त्वरण सुमारे ३४ मीटर प्रति सेकंद वर्ग येते, म्हणजे पृथ्वीच्या साडेतीन पट. सुरुवातीचा वेग काढला तेव्हा मात्र मी चकित झालो. १९८५ च्या मारिओचा सेकंदाला सुमारे ११.३ मीटर आणि १९९६ च्या मारिओचा ११.८. हा योगायोगच असावा. साधी उडी तीनवरून दोन मीटरवर आली, तर लागोपाठच्या तिसऱ्या उडीची उंची साडेपाच मीटरवर गेली.

एक नियम पाळला, पण दुसरीकडे नवी खोटी गोष्ट आली. सपाट पडद्यावर खोली कळत नाही. हवेत असलेला मारिओ नेमका कोणत्या फळीवर उतरणार, हे डोळ्याला उमगेना. म्हणून त्याच्या पायाखाली नेहमी एक काळी गोल सावली ठेवलेली आहे. उजेड कोणत्याही बाजूने येवो, सावली ओळंब्याच्या रेषेत खालीच पडते. तुमची अशी सावली पडण्यासाठी सूर्य अगदी डोक्यावर हवा, आणि तो महाराष्ट्रात वर्षातून दोनच दिवस येतो. त्या दिवशी दुपारी आपण ‘शून्य सावली’ पाहतो. मारिओला तो दिवस रोजचाच आहे. ही लबाडी मला फार आवडते, कारण ती लपवलेली नाही आणि तिच्यावाचून खेळताच येत नाही.

२००७ साली ‘सुपर मारिओ गॅलॅक्सी’ आला. त्यात मारिओ लहानलहान ग्रहगोलांभोवती धावतो. ‘खाली’ म्हणजे पडद्याची तळाची कड नव्हे, तर गोलाच्या केंद्राची दिशा, ही गोष्ट त्यात लहान मुलांनाही सहज कळते. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूची माणसे खाली का पडत नाहीत, हा प्रश्न हा खेळ खेळलेले मूल बहुधा विचारणार नाही. दिशा बरोबर आहे. पण परिमाणाचे काय? समजा, असा एक गोल १० मीटर त्रिज्येचा आहे आणि त्याच्या पृष्ठभागावर पृथ्वीइतकेच गुरुत्वाकर्षण हवे आहे. न्यूटनच्या सूत्रात आकडे घातले तर त्याची घनता एका घनसेंटिमीटरला साडेतीन टन इतकी येते. लोखंडाचा तेवढाच तुकडा आठ ग्रॅमसुद्धा भरत नाही. असा पदार्थ हवा असेल तर श्वेत बटू ताऱ्यांकडेच जावे लागेल.

याहून मजेदार गोष्ट म्हणजे अशा गोलाभोवती, पृष्ठभागाला लागून, फिरत राहण्याचा वेग सेकंदाला केवळ ९.९ मीटर असेल आणि मुक्तिवेग १४ मीटर. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनमध्ये १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापले. त्याचा सरासरी वेग १०.४ मीटर होता. तो या ग्रहावर धावला असता तर पाय उचलताच उपग्रह झाला असता! सेकंदाला ११.३ मीटर वेगाची आपल्या मारिओची उडी पृथ्वीवर साडेसहा मीटर उंच गेली असती. तेथे मात्र ती १८ मीटरवर पोचेल, कारण वर जाऊ लागताच गुरुत्वाकर्षण झपाट्याने घटते. केंद्रापासूनचे अंतर दुप्पट केले की ते चौथा हिस्सा राहते. खेळात हा व्यस्त वर्गाचा नियम बाजूला ठेवला आहे. ठेवला नसता तर पहिल्या मिनिटातच मारिओ अवकाशात दिसेनासा झाला असता.

२०१७ च्या ‘सुपर मारिओ ओडिसी’मध्ये तो चंद्रावर जातो आणि तेथे त्याच्या उड्या उंच व संथ होतात. खऱ्या चंद्रावरील उडीचे चित्रण आपल्याकडे आहे. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ मोहिमेतील जॉन यंग यांनी चंद्रावर ध्वजाला सलाम करताना जड अवकाशपोशाखासह उडी मारली. ती सुमारे ४२ सेंटिमीटर उंच होती आणि ते १.४५ सेकंद अधांतरी होते. चंद्रावरील त्वरण १.६२ घेऊन ही उंची आणि हा वेळ एकमेकांशी जुळतात का, ते स्वतः पडताळा. मग ती चित्रफीत मिळवा, एकेक चित्र पुढे सरकवा आणि चढण्याची व उतरण्याची चित्रे वेगवेगळी मोजा. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गातही करावा. फक्त आकडे हाती येण्याआधी उत्तर सांगू नये.