उधाण, ऊस आणि कोळसा
सृष्टीची राखण : लेखांक ५

उधाणाचे पाणी कोकणातल्या माणसाला ठाऊक असते. अमावास्या-पौर्णिमेचा हिशेब धरून ते येते आणि जाते. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी फिलिपिन्समधल्या ताक्लोबान शहरात जे पाणी आले, त्याला असा हिशेब नव्हता. हैयान चक्रीवादळाच्या वाऱ्याने अख्खा समुद्र किनाऱ्याकडे रेटला. 'स्टॉर्म सर्ज' येणार, असा इशारा आधी दिला होता, पण ते शब्दच अनेकांना कळले नाहीत. सुनामी म्हटले असते तर पळालो असतो, असे वाचलेल्यांनी नंतर सांगितले. अधिकृत आकड्यानुसार देशभरात सहा हजारांहून अधिक माणसे गेली.

पोप फ्रान्सिस १७ जानेवारी २०१५ रोजी तिथे पोहोचले तेव्हाही वादळी पाऊस कोसळत होता. पिवळा रेनकोट घालून त्यांनी मिस्सा अर्पण केली आणि लिहून आणलेले प्रवचन बाजूला ठेवले. पाचच महिन्यांनी, १८ जूनला, सृष्टीच्या राखणीवरचे त्यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. फिलिपिन्समधल्या कॅथलिक मुलांना त्याचा अर्थ फोड करून सांगावा लागला नाही. तापलेला समुद्र वादळाला बळ देतो, चढलेली पातळी लाटेला आणखी आत आणते, आणि समुद्र तापवणाऱ्या धुरात कोळशाचा वाटा मोठा.

म्हणूनच मला नेग्रोस बेटाची गोष्ट महत्त्वाची वाटते. हे फिलिपिन्सचे साखरेचे बेट. आपल्या कोल्हापूर-सांगलीसारखा जिकडे तिकडे ऊस, आणि कारखाने उसाच्या चिपाडावर वीज करतात. पूर्वेच्या प्रांतात भूऔष्णिक वीज आहे. २०१४ नंतर सान कार्लोस, कादिझ या भागांत सौर प्रकल्प इतक्या वेगाने उभे राहिले, की बेटाबाहेर वीज नेणाऱ्या तारा अपुऱ्या पडू लागल्या. अशा ठिकाणी, त्याच सान कार्लोसमध्ये, ३०० मेगावॅटचा कोळशाचा प्रकल्प आणायचे घाटत होते.

विरोधाला विद्यार्थी उभे राहिले. 'यूथ फॉर क्लायमेट होप' ही त्यांची संघटना. सान कार्लोसचे बिशप गेरार्डो अलमिनाझा त्यांच्या पाठीशी उघडपणे राहिले, आणि बिशपांच्या शब्दाला त्या बेटावर वजन आहे. झाडे लावणे, किनारा झाडणे ही कामे कोणालाच खुपत नाहीत, म्हणून त्यांना परवानगीही लगेच मिळते. या मुलांनी मात्र वीज कशापासून करायची, हा सगळ्यांना अडचणीचा प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर कागदावर मागितले. मार्च २०१९ मध्ये, सान कार्लोस ज्या प्रांतात आहे त्या नेग्रोस ऑक्सिडेंटालच्या गव्हर्नरांनी प्रांत कोळसामुक्त ठेवण्याचा आदेश काढला. आदेश म्हणजे कायदा नव्हे, पुढचा गव्हर्नर तो फिरवू शकतो. त्याच वर्षी निवडणूक होऊन गव्हर्नर बदललेही. पहारा ठेवणे भागच होते.

पुढचा प्रश्न पैशाचा निघाला. कोळशाच्या प्रकल्पाला कर्ज बँक देते, आणि त्या बँकेत ठेवी कोणाच्या? धर्मप्रांतांच्याही. 'विथड्रॉ फ्रॉम कोल' या मोहिमेत अलमिनाझांनी हा मुद्दा लावून धरला. जानेवारी २०२२ मध्ये देशाच्या बिशप परिषदेने पत्रक काढले: जीवाश्म इंधनाला पैसा पुरवणाऱ्या बँका धोरण बदलणार नसतील, तर ख्रिस्तसभेने २०२५ पर्यंत आपला पैसा त्यांच्याकडून काढून घ्यावा. मिस्सेत सृष्टीसाठी प्रार्थना करणे आणि स्वतःचे पासबुक तपासणे यांत अंतर किती मोठे असते, ते धर्मग्रामाच्या जमाखर्चाशी संबंध आलेल्या कोणालाही कळेल.

मराठी कॅथलिकांना ही वाट अगदीच नवी नाही. 'लाउदातो सी' येण्याच्या कितीतरी आधी वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'हरित वसई संरक्षण समिती'तून बिल्डरांशी झुंज दिली, ती बागायती आणि विहिरींच्या पाण्यासाठी. त्या लढ्याकडे पुढच्या आठवड्यात वळू.